संगीताला किती माहीत आहे?

'जॉज' (१९७५) या चित्रपटातला एक प्रसंग घ्या. समुद्रकिनारा माणसांनी फुललेला आहे. कुणाला तरी शार्कच्या पाठीवरचा तो त्रिकोणी पर पाणी कापत येताना दिसतो आणि एकच पळापळ सुरू होते. माणसं एकमेकांना ढकलत, पडत, पोरांना ओढत बाहेर येतात. मग कळतं की तो पर पुठ्ठ्याचा होता. दोन पोरांनी केलेला चावटपणा.

आता हाच प्रसंग पुन्हा लावा आणि फक्त ऐका. शार्कचं ते जगभर गाजलेलं संगीत इथे वाजतच नाही. किनाऱ्यावरची सगळी माणसं फसली, संगीत फसलं नाही. पाण्यात शार्क नाही हे त्याला ठाऊक होतं. थोड्याच वेळात जवळच्या खाडीत खरा शार्क शिरतो, आणि तिथे ते सूर बरोबर हजर होतात.

पार्श्वसंगीत कसं काम करतं हे समजून घ्यायला मला या प्रसंगाइतकी चांगली किल्ली दुसरीकडे मिळालेली नाही. कुठलाही चित्रपट बघताना एकच प्रश्न विचारत राहायचा: या संगीताला किती माहीत आहे? पडद्यावरच्या माणसापेक्षा जास्त, तेवढंच, की कमी? भयपट, विनोदी चित्रपट, प्रेमकथा, वेस्टर्न (काउबॉयपट), विज्ञानपट यांच्या संगीतात आपल्याला जो फरक जाणवतो, त्यातला बराचसा या एका उत्तरातून येतो.

सर्वसाधारण समज वेगळा असतो. भीतीला किंचाळणारी व्हायोलिनं, प्रेमाला पियानो, युद्धाला ढोल, अशी एक तयार यादी असते आणि संगीतकार तिच्यातून वस्तू उचलतो, असं आपण धरून चालतो. अशी यादी एके काळी खरोखरच होती. मूकपटांच्या जमान्यात थिएटरात पियानो किंवा ऑर्गन वाजवणाऱ्यांसाठी एर्नो रापे यांनी १९२४ मध्ये एक जाडजूड संग्रह काढला. त्यात ५२ भावना आणि प्रसंगांनुसार तुकडे लावलेले होते: लढाई, अंत्ययात्रा, प्रेम, रेल्वे, समुद्रातलं वादळ. वादकाची नजर पडद्यावर असायची आणि हात पान उलटायला तयार. ती सवय अजून पुरती गेलेली नाही. पण चांगला संगीतकार त्या यादीवर अवलंबून राहत नाही, आणि का ते 'जॉज'मध्येच स्पष्ट दिसतं.

जॉन विल्यम्स यांनी शार्कसाठी मुळात दोनच सूर वापरले. पाश्चात्त्य नावांनी सांगायचं तर ई आणि एफ. आपल्या भाषेत, खालच्या सुराला षड्ज मानलं तर सा आणि कोमल रे. पियानोवर हे दोन सूर त्यांनी पहिल्यांदा ऐकवले तेव्हा दिग्दर्शक स्टीव्हन स्पिलबर्ग यांना ती थट्टाच वाटली होती. त्या वर्षी याच संगीताला ऑस्कर मिळालं.

दोन सुरांत एवढी भीती कुठून आली? कोमल रे मुळातच भीतीदायक आहे असं म्हणून सुटका होणार नाही. भैरवीत कोमल रे आहे, भैरवात आहे, आणि तिथे तो आपल्याला शांत करतो, कधी व्याकूळ करतो. घाबरवत नाही. तेव्हा सूर एकटा काही सांगत नाही. आजूबाजूला काय आहे, काय नाही, यावर सगळं ठरतं. 'जॉज'मध्ये हे दोन सूर चेलो आणि डबल बास यांच्या अगदी खालच्या पट्टीत आहेत. तिथे सुराची गोलाई संपते आणि खरखर उरते. या दोन सुरांना पुढे कुठे जायचं नाही. भैरवीत रे वरून ग कडे जाईल, सा वर विसावेल, काहीतरी बोलेल. इथे तो फक्त येतो आणि परत जातो. एखादी छोटी ओळ अशी हट्टाने वाजवत ठेवण्याला संगीतकार 'ऑस्टिनाटो' म्हणतात. आणि तिसरी गोष्ट लय. सुरुवातीला दोन सुरांमध्ये इतकी जागा असते की आपण वाट बघायला लागतो. मग ती जागा कमी होत जाते. शार्क किती लांब आहे ते आपण डोळ्यांनी मोजत नाही, लयीने मोजतो. चित्रीकरणाच्या वेळी यांत्रिक शार्क सारखा बिघडत होता, त्यामुळे तो पडद्यावर फार कमी दाखवता आला. बऱ्याच दृश्यांमध्ये शार्क म्हणजे हे संगीतच आहे.

आणि एवढा नियम शिकवून झाल्यावर चित्रपट तो मोडतो. पोलीसप्रमुख बोटीच्या कडेला उभा राहून, अर्धं लक्ष बोलण्यात ठेवून, पाण्यात आमिष टाकतोय. संगीत नाही, म्हणून आपण निर्धास्त आहोत. आणि शार्कचं डोकं एकदम पाण्याबाहेर येतं. आजवर आपल्याला आधी सांगणारा मित्र या वेळी गप्प बसला. त्या धक्क्यात मोठा वाटा त्या गप्प बसण्याचा आहे.

भयपटांमध्ये संगीताचं ज्ञान असं मागेपुढे केलं जातं. याचा सगळ्यात बारीक अभ्यास करायचा असेल तर 'सायको' (१९६०) बघावा. बर्नार्ड हर्मन यांनी या चित्रपटासाठी फक्त तंतुवाद्यं घेतली. बासरी नाही, तुतारी नाही, ताशा-झांजांसारखं काही नाही. चित्रपट कृष्णधवल होता, म्हणून आपल्यालाही कृष्णधवल आवाज हवा, असा त्यांचा विचार होता. स्नानगृहातल्या खुनाचं संगीत सगळ्यांना माहीत असतं: व्हायोलिनच्या अगदी वरच्या टोकाला गज ओढून काढलेल्या त्या किंकाळ्या. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांना त्या प्रसंगात खरं तर संगीत नकोच होतं. हर्मन यांनी तरीही लिहिलं, ऐकवलं, आणि हिचकॉक यांनी मत बदललं.

मला मात्र त्याच चित्रपटातला त्याआधीचा एक प्रसंग जास्त मोलाचा वाटतो. नायिका पैसे चोरून गाडीतून निघाली आहे. आवाज बंद करून पाहिलं तर एक बाई गाडी चालवतेय, एवढंच दिसतं. रस्ता, आरसा, समोरून येणारे दिवे, मग पाऊस. संगीत लावा, आणि तीच बाई एखाद्या खोल खड्ड्याच्या दिशेने खेचली जात असल्यासारखी वाटते. तंतुवाद्यं तुटक, टोचणाऱ्या स्वरांत धावत असतात, थांबत नाहीत. तिला पोलिसांची भीती वाटते आहे. संगीताची भीती त्याहून मोठी आहे, आणि कशाची ते आपल्याला अजून कळायचं आहे.

यात एक कारागिरीची गोष्ट आहे. व्हायोलिनच्या तारा ज्या लाकडी पट्टीवर टेकतात त्या घोडीवर एक छोटा चिमटा बसवतात, त्याने आवाज दबतो, थोडा धुरकट होतो. त्याला म्यूट म्हणतात. 'सायको'चं बाकीचं संगीत अशा दबलेल्या तारांवर आहे आणि खुनाच्या प्रसंगात तो चिमटा काढलेला आहे. कान नकळत त्या दबक्या आवाजाला सरावतो, आणि मग तारा उघड्या होऊन अंगावर येतात.

अशा किंचाळण्याला आपण इतके का दचकतो यावर जीवशास्त्रातूनही विचार झाला आहे. मार्मोट नावाच्या खारीच्या कुळातल्या प्राण्यांचा अभ्यास करणारे डॅनियल ब्लूमस्टाइन यांना त्यांच्या ओरडण्यात एक गोष्ट आढळली होती. जीव घाबरला की तो घशाला पेलणार नाही इतक्या जोरात ओरडतो आणि आवाज फाटतो, त्यात खरखर मिसळते. २०१० मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी चित्रपटांतले आवाज याच दृष्टीने तपासले, आणि भयपटांच्या ध्वनिपट्टीत असा खरखरीत, फाटका आवाज त्यांना जास्त सापडला. म्हणजे संगीतकार वाद्याला मुद्दाम त्याच्या मर्यादेपलीकडे ताणतो, आणि आपल्या कानाला तो वाद्याचा आवाज न वाटता घाबरलेल्या जिवाचा आवाज वाटतो.

हे सगळं प्रत्यक्ष कसं बसवतात? इथे थोडं गणित आहे. ते सोडून पुढे जाऊ नका, कारण जादू या हिशेबात आहे.

एक काल्पनिक प्रसंग धरू. एक बाई लांब बोळातून चालत येते आणि शेवटचं दार उघडते. प्रसंग सुरू झाल्यापासून दार उघडेपर्यंत साडेसात सेकंद जातात. चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी असतात, म्हणजे दार १८० चौकटींनंतर उघडतं. संगीतकार लय ठरवताना एका मात्रेला किती चौकटी द्यायच्या ते बघतो. १५ चौकटींना एक मात्रा धरली तर मिनिटाला ९६ मात्रा होतात, साधारण मध्यलय. १८० चौकटींत बरोबर १२ मात्रा बसतात. चारचारचे तीन ठेके पूर्ण झाले की दार उघडतं ते थेट समेवर. वादकांच्या कानात हेडफोनमधून या मात्रांचा टकटक आवाज चालू असतो, त्याला क्लिक ट्रॅक म्हणतात. फिल्मच्या जमान्यात फिल्मच्या ध्वनिपट्टीला ठरावीक अंतरावर भोकं पाडून ही टकटक काढत, आता कॉम्प्युटर करतो. हिशेब तोच आहे.

आता हेच साडेसात सेकंद घ्या आणि चित्रपटाचा प्रकार बदला.

साहसपट असेल तर दार समेवरच उघडू द्यायचं. चार मात्रांची लय, स्वर सा, ग, तीव्र मध्यम, पंचम असे वर चढणारे, आणि समेवर सगळी पितळी वाद्यं एकदम. तीव्र मध्यमाचं महत्त्व बघा. शुद्ध मध्यम खाली गंधाराकडे झुकतो. तीव्र मध्यम पंचमाकडे, वर बघतो. म्हणून विस्मय, उड्डाण, अफाट मोकळी जागा दाखवताना पाश्चात्त्य संगीतकार हा स्वर सारखा वापरतात. ते त्याला लिडियन म्हणतात, आपण कल्याण थाट.

प्रेमकथा असेल तर त्याच १२ मात्रा तीनतीनच्या करा. चार ठेके झाले, दार पुन्हा समेवर आलं, पण पावलांना आता झोका मिळाला. सूर निषादावर थांबवून ठेवा. आपल्या कानांना नी वरून सा वर जायची किती ओढ असते ते गाणं ऐकणाऱ्या कुणालाही सांगायला नको. दार उघडलं तरी सा द्यायचा नाही. समोरच्या माणसाचा चेहरा दिसला की द्यायचा. किंवा तेव्हाही द्यायचा नाही, जर ही दोन माणसं एकत्र येणार नसतील तर.

थरारपट असेल तर पाच मात्रांचा ठेका घ्या. दार तिसऱ्या आवर्तनाच्या तिसऱ्या मात्रेवर उघडेल. तिथे कुणाचीच अपेक्षा नसते. कानाने कुठेतरी सम गृहीत धरलेली असते आणि घटना भलत्याच जागी घडते. मन पुन्हा हिशेब जुळवायला लागतं, तेवढ्यात पुढचं काहीतरी घडून जातं.

आणि भयपट असेल तर बाई बोळात शिरल्यापासून एकच खालचा सूर धरून ठेवा, तानपुऱ्याइतका स्थिर पण तानपुऱ्याचा गोडवा काढून घेतलेला. दहाव्या मात्रेला तोही बंद करा. शेवटचे जवळजवळ दोन सेकंद पूर्ण शांतता. दार उघडताना काही वाजवायचं की नाही, हा सगळ्यात कठीण निर्णय. दर वेळी जोरदार ठोका दिला तर प्रेक्षक तिसऱ्यांदा कानावर हात ठेवून तयार असतो. हा ठोका, ज्याला स्टिंगर म्हणतात, आज इतका स्वस्त झाला आहे की पुष्कळ भयपट त्याच्याच जिवावर चालतात. तो आवाजाचा धक्का असतो, भीती नसते. मला या सवयीचं मनापासून वाईट वाटतं, कारण खरी भीती घालायला लागणारा धीर त्यात हरवत चालला आहे.

थरारपट आणि युद्धपटांमध्ये ताण वाढवत नेणं ही मोठी अडचण असते. लय वाढवत नेली तर कधीतरी ती संपते. सूर चढवत नेला तर सप्तक संपतं. 'डंकर्क' (२०१७) मध्ये हान्स झिमर यांनी यावर एक जुना कानाचा भ्रम वापरला. रॉजर शेपर्ड यांनी तो १९६४ मध्ये मांडला, म्हणून त्याला शेपर्ड टोन म्हणतात. सरकत्या जिन्याकडे बाजूने बघा. प्रत्येक पायरी वर चढते आहे, वरच्या टोकाला नाहीशी होते आहे, खाली नवी पायरी निघते आहे. जिना सतत चढतो आणि आहे तिथेच असतो. शेपर्ड टोनमध्ये एकच स्वर वेगवेगळ्या सप्तकांत एकाच वेळी वर चढवतात. सगळ्यात वरचा हळूहळू विरत नेतात, सगळ्यात खालचा हळूहळू उगवू देतात, मधले ठळक ठेवतात. कुठला विरला आणि कुठला उगवला ते कानाला पकडता येत नाही. त्याला फक्त चढण ऐकू येते, न संपणारी. त्यात झिमर यांनी घड्याळाची टिकटिक मिसळली, आणि ती दिग्दर्शक क्रिस्तोफर नोलन यांच्याच घड्याळाची ध्वनिमुद्रित केलेली आहे. या चित्रपटात जमिनीवरचा आठवडा, समुद्रावरचा एक दिवस आणि आकाशातला एक तास एकमेकांत विणलेले आहेत. तीन वेगळे काळ एका ताणात बांधून ठेवायचं काम ही चढण करते. पटकथाही आपण याच तत्त्वावर रचली, असं नोलन यांनी सांगितलं आहे. इथे संगीताला पुढचं माहीत नाही. वेळ संपत चाललाय एवढंच त्याला कळतंय, आणि किनाऱ्यावरच्या सैनिकांनाही तेवढंच कळतंय.

विनोदाचं उलटं आहे. विनोदी प्रसंगात संगीताला कमी माहीत असायला हवं. माणूस घसरला की सरकत खाली येणारा सूर, डोळे मिचकावले की झायलोफोन, ही पद्धत कार्टूनमधून आली आणि तिला मिकी-माउसिंग हेच नाव पडलं. कार्टूनमध्ये ती सुंदर दिसते, कारण तिथे जगच रबराचं असतं. खऱ्या माणसांच्या विनोदात हेच केलं की संगीत कोपर मारून सांगतंय असं वाटतं: हसा, हसा. एल्मर बर्नस्टाइन हे 'द टेन कमांडमेंट्स' आणि 'द मॅग्निफिसंट सेव्हन' यांसारख्या भव्य चित्रपटांचे संगीतकार. १९७८ मध्ये 'अ‍ॅनिमल हाउस' हा धुमाकूळ घालणारा विनोदी चित्रपट त्यांच्याकडे आला, तेव्हा दिग्दर्शकाने सांगितलं की गंभीर चित्रपटाला द्याल तसंच संगीत द्या. दोन वर्षांनी 'एअरप्लेन!'मध्येही त्यांनी तेच केलं. विमानात एकामागून एक हास्यास्पद गोष्टी घडत असतात आणि ऑर्केस्ट्रा मात्र खरोखर शेकडो जीव धोक्यात असल्यासारखा प्राण ओतून वाजवत असतो. त्याला कळलेलंच नाही की हा विनोद आहे. म्हणून आपण हसतो.

वेस्टर्नमध्ये एक वेगळी शक्यता आहे. तिथली माणसं बोलत नाहीत. एन्निओ मॉरिकोने यांनी सर्जिओ लिओने यांच्या चित्रपटांत त्यांच्या वाट्याचं बोलणं वाद्यांकडे दिलं. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' (१९६६) मध्ये तिघांसाठी मुळात एकच छोटी धून आहे, पण एकाला बासरी, दुसऱ्याला ओकारिना म्हणजे मातीच्या गोल शिट्टीसारखं वाद्य, आणि तिसऱ्याला माणसांचे आवाज. धून एक ठेवून आवाज बदलला, की तिघंही एकाच मातीचे आहेत आणि तरी वेगळे आहेत, हे संवादाशिवाय पोचतं. दोन वर्षांनी 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मध्ये ते याहून पुढे गेले. त्या चित्रपटाचं संगीत चित्रीकरणाआधी तयार होतं आणि सेटवर ते वाजवून नट चालत, वळत, बघत होते. त्यातला नायक हार्मोनिका वाजवतो. बोलण्याच्या जागी वाजवतो. रडवेला, ओढलेला, कानाला त्रास देणारा सूर. हा असा का वाजवतो हे चित्रपटभर कळत नाही. शेवटच्या द्वंद्वात कळतं, आणि कळतं तेव्हा लक्षात येतं की संगीत पहिल्यापासून हेच सांगत होतं. त्या हार्मोनिकाचा असा फाटका आवाज कुठल्या तोंडातून पहिल्यांदा आला, ते इथे लिहून ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांचा तो क्षण मी घालवणार नाही.

एखाद्या व्यक्तीला किंवा कल्पनेला धून देऊन ती कथेबरोबर बदलत न्यायची, या तंत्राला लाइटमोटिफ म्हणतात. रिचर्ड वॅग्नर यांच्या ऑपेरांमुळे ते प्रसिद्ध झालं. नुसती धून देणं सोपं आहे. तिचं पुढे काय करता, यात कसब. जॉन विल्यम्स यांनी १९८० मध्ये 'स्टार वॉर्स' मालिकेतल्या डार्थ व्हेडर या खलनायकासाठी लष्करी थाटाची, पितळी वाद्यांची धून लिहिली. १९८३ मध्ये तो मरतो तेव्हा तीच धून विरळ होत जाते आणि अखेर हार्पच्या एकेका तारेवर येते. सूर तेच, त्यातलं पोलाद गेलेलं. मग १९९९ मध्ये आला याच माणसाच्या लहानपणाचा चित्रपट. मुलगा निरागस आहे, त्याची धूनही गोड, मोकळी आहे. पण ती संपताना तिच्या शेपटाशी व्हेडरच्या त्या धुनेचे सूर हळूच डोकावतात. पडद्यावर कुणालाही माहीत नाही की हे पोर पुढे काय होणार आहे. त्याच्या आईलाही नाही. संगीताला माहीत आहे.

विज्ञानपटांबद्दल थोडक्यात. तिथे प्रश्न असतो की जे कुणी पाहिलेलं नाही त्याचा आवाज कसा असेल. थेरेमिन हे हात न लावता, हवेत हात हलवून वाजवायचं विजेवरचं वाद्य. १९४५ मध्ये 'स्पेलबाउंड'मध्ये ते माणसाच्या बिघडलेल्या मनासाठी आलं, १९५१ मध्ये 'द डे द अर्थ स्टूड स्टिल'मध्ये हर्मन यांनी तेच परग्रहावरून आलेल्या पाहुण्यासाठी वापरलं. वाद्य एकच, आणि दोन्हीकडे अर्थ हाच की हे आपल्या ओळखीचं नाही. 'फॉरबिडन प्लॅनेट' (१९५६) मध्ये बेबे आणि लुई बॅरन या जोडप्याने स्वतः सर्किट जोडून सगळा आवाज निर्माण केला, आणि श्रेयनामावलीत त्याला संगीत न म्हणता 'इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज' म्हटलं गेलं. पुढे 'स्टार वॉर्स' (१९७७) ने बरोबर उलट केलं: जग अनोळखी, म्हणून संगीत ओळखीचं, जुन्या पद्धतीचा पूर्ण ऑर्केस्ट्रा. प्रेक्षकाला धरायला एक बोट दिलं.

प्रेमाकडे परत येतो, कारण तिथे संगीताचं ज्ञान सगळ्यात नाजूक असतं. 'इन द मूड फॉर लव्ह' (२०००) मध्ये शेजारी राहणारी दोन माणसं अरुंद जिन्यावर एकमेकांजवळून जातात. चित्र मंद गतीने सरकतं आणि शिगेरू उमेबायाशी यांचा तीन मात्रांचा वॉल्ट्झ सुरू होतो: खाली बोटांनी छेडलेल्या तारा, वर एकटं व्हायोलिन. वॉल्ट्झ हा जोडीने करायचा नाच. पडद्यावर नाच नाही, स्पर्श नाही. तेच संगीत पुन्हा पुन्हा येतं आणि ती दोघं पुन्हा पुन्हा नुसती जवळून जातात. मजा अशी की ही धून मुळात दुसऱ्याच चित्रपटासाठी, १९९१ मध्ये, लिहिलेली होती. आता तिला या दोघांपासून वेगळं काढणं अशक्य आहे. 'शोले' (१९७५) मध्ये राहुल देव बर्मन यांनी असंच एका माउथ ऑर्गनवर भागवलं. संध्याकाळ, जय पायरीवर बसून वाजवतोय, समोरच्या माडीवर राधा एकेक दिवा मालवतेय. दोघं एक शब्दही बोलत नाहीत. जे बोलता येणार नाही ते त्या दोघांनाही माहीत आहे आणि संगीतालाही. कुणी कुणाच्या पुढे नाही.

संगीत न ठेवणं हेही संगीतकाराचं काम आहे. चित्रपट तयार झाल्यावर संगीतकार आणि दिग्दर्शक एकत्र बसून तो थांबवत थांबवत बघतात आणि कुठे संगीत सुरू होणार, कुठे थांबणार ते ठरवतात. या बैठकीला स्पॉटिंग म्हणतात. कित्येकदा त्या बैठकीतला सगळ्यात चांगला निर्णय 'इथे नको' हा असतो. 'द बर्ड्स' (१९६३) मध्ये नेहमीसारखं पार्श्वसंगीतच नाही, पक्ष्यांचे आवाज आहेत, त्यातले कितीतरी विजेवरच्या वाद्यावर तयार केलेले. आणि संवाद चालू असताना संगीत असेल तर माणसाच्या आवाजाची पट्टी मोकळी सोडावी लागते. पुरुषाचं हळू बोलणं आणि चेलो एकाच उंचीवर असतात, एकमेकांना झाकतात. म्हणून बोलण्याच्या खाली एक लांब सूर, वर एखादं हलकं वाद्य, आणि मधे जागा.

त्या मधल्या जागेतच एका संगीतकाराने माणसाचा आवाज काढून वाद्य ठेवलं, त्या प्रसंगाशी मी नेहमी येऊन थांबतो. 'पथेर पांचाली' (१९५५), दिग्दर्शक सत्यजित राय, संगीत पंडित रविशंकर. हरिहर बऱ्याच महिन्यांनी घरी परततो. मुलगी दुर्गा गेली आहे हे त्याला माहीत नाही. तो बायकोला, सर्वजयेला, आणलेल्या वस्तू एकेक करून दाखवतो. दुर्गासाठी आणलेली साडी तिच्या हातात देतो. ती साडी दाताखाली धरते आणि कोसळते. तोंड उघडलेलं दिसतं, रडणं दिसतं, पण तिचा आवाज येत नाही. त्या जागी तारशहनाई आहे, गजाने वाजणारं आणि शहनाईसारखं आक्रंदणारं वाद्य, वरच्या पट्टीत. इतका वेळ आपल्याला माहीत होतं, तिला माहीत होतं, हरिहरला नव्हतं. तो सूर चालू असतानाच त्याच्या चेहऱ्यावर ते उतरतं.